तरंगापुढचा माणूस

ऑक्टोबरची चार तारीख. पर्यटकांचा सीझन तोंडावर आला होता आणि मी वरच्या खोलीतल्या गाद्या गच्चीवर उन्हात घालून काठीने झोडपत होते. पावसाळाभर बंद राहिलेली खोली उघडली की तिला ओल्या गोणपाटाचा वास येतो, तो काढायला दोन दिवसांचं कडक ऊन लागतं. त्या खोलीत दर वर्षी येऊन राहणाऱ्या माणसाबद्दल मी एवढंच म्हणेन, की इतका अवाढव्य आणि तरीही इतका कमी दिसणारा माणूस देवाने दुसरा घडवला नसेल. आमच्या दारातून आत यायला त्याला वाकावं आणि शिवाय तिरकंही व्हावं लागे. पण फोटो काढायची वेळ आली की तो कुठेच नसे. आमच्या घरच्या एवढ्या वर्षांच्या फोटोंत तो एकदाच सापडतो. मुलीच्या बारशाच्या फोटोत पाळण्यामागे जी पांढरी भिंत दिसते, ती भिंत नव्हे, त्याची पाठ आहे.

हरमलला आमचं घर समुद्रापासून जरा आत, माडांच्या मागे. गोवा राज्य झालं आणि पुढच्या काही वर्षांत किनाऱ्यावर गोऱ्यांची वर्दळ एवढी वाढली, की ज्याच्या घरावर कौलं होती त्याने स्लॅब घातला आणि ज्याचा स्लॅब होता त्याने वर खोली चढवली. माझा नवरा वीज खात्यात, त्यामुळे आमच्या खोलीला पंखा आणि दोन दिवे आधी लागले, दार नंतर. या खोलीचा पहिला भाडेकरू हा. अमेरिकेचा. पेडण्याहून बसने आला तेव्हा कंडक्टरने त्याला मागच्या लांब सीटवर बरोबर मधोमध बसवलं होतं. कंडक्टर आमच्याच वाड्यावरचा. तो मला म्हणाला, "वयनी, एका कुशीक बसलो असतो तर वळणार गाडी कलंडली असती." सासूबाईंनी पाहुण्याकडे पायापासून वर बघायला सुरुवात केली, डोक्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला, आणि मग मला आत बोलावून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हाका पेज पुरतली?"

पेज पुरली नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत आला की तो सगळ्या घरांच्या आधी आमच्याकडे थांबू लागला, कारण आमच्याकडून निघाल्यावर त्याची टोपली हलकी व्हायची आणि पुढचा चढ त्याला सोपा जायचा. पण हा माणूस अधाशी नव्हता. तो खायचा ते कामावर गेल्यासारखा, मान खाली घालून, न बोलता. तिकडे त्याला वजन टिकवायचे पैसे मिळत असत, त्यामुळे भूक असो नसो, जेवणं ही नोकरी होती. ती सुटून वर्षं झाली तरी सवय काही सुटली नव्हती.

नोकरी म्हणजे फुटबॉल. हे पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला कळलं, आणि गोव्यातल्या माणसाला एवढं पुरतं. ऑफिसातून येताना तो गरम भजी घेऊन आला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "किती गोल मारलेस?"

"एकही नाही."

"म्हणजे गोलकीपर होतास?"

"नाही."

"मग पास द्यायचास?"

"चेंडूला हात लावायची मला परवानगीच नव्हती. आम्ही पायानेही खेळत नाही."

नवऱ्याने भज्यांची पुडी स्वतःकडे ओढून घेतली. तेव्हा पाहुण्याने माझ्याकडून पेले, तांबे आणि लोणच्याची बरणी मागून घेतली आणि जमिनीवर मांडली. मागे बरणी. चेंडू फेकणार ती. नाव तिचं, फोटो तिचा, गाणी तिच्यावर. तिच्यापुढे पाच पेले, त्यातला एक हा. समोरून तांबे धावत येणार ते बरणी फोडायला. पेल्यांनी मध्ये उभं राहायचं.

"किती वेळ?" नवऱ्याने विचारलं.

"बरणी चेंडू फेकेपर्यंत. तीन-चार सेकंद."

"आणि मग?"

"मग परत उभं राहायचं."

चेंडू कुठे गेला हे त्याला कधी दिसलंच नाही, कारण तिकडे त्याची पाठ. लोक आनंदाने ओरडले की समजायचं, बरा गेला. शिव्या आल्या की समजायचं, नाही गेला. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे धरणं. समोरच्याला तळव्यांनी थोपवायचं, पण मूठ वळली, कपडा पकडला, की पंच पिवळं फडकं टाकणार आणि लाऊडस्पीकरवरून याचा नंबर साऱ्या मैदानाला ऐकवणार. दहा-बारा वर्षं तो खेळला आणि त्याचा नंबर पुकारला गेला तो फक्त अशाच वेळी. नीट केलं तर कोणी बघत नाही, चुकलं तर सगळ्या गावाला कळतं. सासूबाई बाजूला मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "म्हळ्यार सून."

म्हणजे सूनच झाली की. त्या दिवसापासून विसवण माशाचा शेपटाकडचा तुकडा नवऱ्याच्या ताटात जाऊ लागला आणि मधला पाहुण्याच्या.

त्या खेळाने त्याच्या शरीराचा जो हिशेब केला होता तो बघण्यासारखा होता. हाताची बोटं इतक्या वेळा मोडली होती, की समोर धरली तर एक बोट केरीकडे, एक मांद्र्याकडे आणि करंगळी सरळ पेडण्याच्या बाजाराकडे. कोणी रस्ता विचारला की त्याने हात दाखवू नये अशी आम्ही त्याला ताकीद दिली होती. गुडघे तर नावाला उरले होते. जिना तो सरळ चढे, पण उतरताना मात्र पाठमोरा उतरे. नव्या माणसाला वाटे, हा वर कोणाशी तरी बोलत बोलत खाली येतोय. एकदा नवऱ्याने त्याला किनाऱ्यावर रापण ओढायला नेलं. रापणीचं लांबलचक जाळं ओढायला गावातले सगळेच हात लावतात. दोर हातात आला आणि हा उघडे तळवे पुढे करून उभा. "धर रे, धर," सगळे ओरडतायत आणि याची मूठ काही वळत नाही. मग म्हणाला, "जन्मभर मला धरू नको म्हणून ओरडत होते. जरा सवय होऊ द्या." सवय झाल्यावर मात्र त्याच्या पुढचे चार रापणकार दोर सोडून विड्या ओढत बसू लागले.

दुसरी सवय सुटली नाही ती मध्ये उभं राहायची. रस्त्याने चालताना तो आपसूक स्कुटरींच्या बाजूला जाई. बँकेत मी रांगेत उभी राहिले की तो माझ्या पुढे नाही, मागे नाही, तर दारातून येणारे लोक जिथून धक्का देतात तिथे जाऊन उभा राही. संध्याकाळी घरी परतणाऱ्या म्हशी आमच्या गल्लीत शिरल्या, की सासूबाई तुळशीजवळ असल्या तर हा गल्लीच्या तोंडाशी. एकदा एका म्हशीने त्याच्याकडे आणि त्याने म्हशीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हैस शेजाऱ्यांच्या कुंपणातून गेली. शेजारी भांडायला आले ते माझ्याशी, त्याच्याशी नाही.

शब्द त्याला इथले फारसे आले नाहीत. "जाता", म्हणजे होईल, चालेल, हा एक शब्द तो शिकला आणि त्यावर त्याने वर्षंच्या वर्षं काढली. जेवायला चल, जाता. पाणी भरून दे, जाता. तुझ्या खोलीचा पंखा जळला, जाता. व्हिसा संपला की तो परत जाई, आणि पुढच्या सीझनला पुन्हा हजर. एकदा मी त्याला सरळच विचारलं, तुला घरदार आहे, बहीण आहे, मग आमच्या त्या भट्टीसारख्या खोलीत का येऊन राहतोस? तो म्हणाला, "खेळ संपल्यापासून तिकडे मला कुठे उभं राहायचं तेच कळत नाही. इथे तुझी सासू सांगते." यापलीकडे त्याला काही नको होतं. दर वर्षी ही खोली मिळावी, आणि खालून कोणीतरी हाक मारून त्याला कामाला लावावं.

आणि हेच त्याने एका संध्याकाळी जवळजवळ घालवलं.

आमच्या वाड्यावरच्या देवीचा उत्सव थंडीच्या दिवसांत असतो. त्या दिवशी तरंग निघतं. तरंग म्हणजे उंच काठी, वर छत्रीसारखा घेर आणि त्याला नेसवलेली लुगडी. ज्याच्या अंगात अवसर येतो तो ते घेऊन धावतो, आणि तेव्हा तो माणूस राहत नाही, देवीच असते. ती कोणाच्या दारी जाईल याचा नेम नसतो. लोक वाट मोकळी करतात आणि हात जोडतात. त्या वर्षी तरंग होतं बस कंडक्टरच्या खांद्यावर. ढोल वाजत होते, आणि तो देवळाच्या पायऱ्यांवरून जो सुटला तो थेट आमच्या सासूबाईंच्या दिशेने. त्या ओवाळणीचं ताट घेऊन डोळे मिटून उभ्या होत्या. भाग्य म्हणतात ते हेच. देवी स्वतः चालून येत होती.

आमच्या भाडेकरूला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की एक माणूस भलीमोठी काठी घेऊन म्हातारीच्या अंगावर धावून येतोय. मी त्याला कधी घाई करताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो कधी हलला ते कळलंच नाही. सासूबाईंच्या पुढे तो होता, गुडघे वाकवलेले, तळवे उघडे, आणि कंडक्टर त्याच्यावर येऊन थडकला. हा एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक, अगदी बारीक पावलांनी, आणि तिसऱ्याला देवी थांबली. ढोल बंद पडले. सासूबाईंनी डोळे उघडले तर समोर देवी नाही, शर्ट.

त्या शांततेत त्याने मागे वळून सासूबाई ठीक आहेत ना ते पाहिलं आणि आमच्याकडे बघून हसला. एवढ्या लोकांत कोणी ओरडलं नाही, टाळी वाजवली नाही, तेव्हा त्याचं हसू हळूहळू मावळलं. आवाजावरून अंदाज घ्यायची त्याला सवय होती आणि इथे आवाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाव जमलं. गावकर म्हणजे आमच्या देवस्थानचे थोरले मानकरी, त्यांनी सांगितलं, देवीची वाट अडवलेली आजवर कोणी ऐकलेली नाही. हा माणूस गावात राहणार की नाही, हे देवीलाच विचारू. आमच्या भाडेकरूला नवऱ्याने सगळा प्रकार समजावून दिला होता. तो रात्रीच सामान भरून बसला होता. देवळाच्या पायरीपाशी तो पिशवी मांडीवर घेऊन बसला, आणि इतका मोठा माणूस इतका लहान होऊ शकतो हे मी तेव्हा पाहिलं.

गावकरांनी आधी विचारलं, "ताणें अवसराक धरलो?" कारण आमच्याकडे अवसराला धरणं याला क्षमा नाही. नवऱ्याने हा प्रश्न इंग्रजीत करून सांगितला. तो खरोखर दुखावला. म्हणाला, "धरलं? मी? फडकं टाकलं का कोणी?"

कंडक्टरला पुढे बोलावलं. तो म्हणाला, "म्हाका कांय याद ना. पूण छातीर दोन तळवे उठल्यात. बोटां ना." त्याने शर्ट वर करून दाखवला. दोन लाल चट्टे होते, भाकऱ्यांएवढे. बोटांच्या खुणा नव्हत्या. गावकरांनी ते वाकून, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "धरलेलो ना. फकत आडायलो." गर्दीत जरा कुजबुज झाली. आडवणं हा नवा प्रकार होता, त्याला शिक्षा ठरलेली नव्हती.

मग गुरवाने कौल लावला. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरव म्हणाला, "माये, हाका गावांतल्यान धाडूं?" बराच वेळ काही नाही. मग डावी पडली. मी श्वास सोडला. पण गावकर काटेकोर. त्यांनी पुन्हा पाकळ्या लावायला सांगितल्या. "मग हाका असोच रावूंक दिवूं?" डावी पडली.

गुरवाने गावकरांकडे पाहिलं, गावकरांनी गुरवाकडे. "म्हळ्यार कितें?" गावकर म्हणाले. "धाडूंक नाका, रावूंक नाका. गांवच्या शिमेर उबो करूं?"

तेव्हा सासूबाई उठल्या. देवळात बायकांनी मध्ये बोलायची आमच्याकडे रीत नाही, पण सासूबाईंना रीत अडवत नसे. "विचारतात तें चुकता," त्या म्हणाल्या. "असोच रावपी देवीक कित्याक जाय? म्हाका लेगीत नाका. ताका काम दी. तरंगाफुडें वाट करूंक घाल." नुसता राहणारा माणूस देवीला कशाला, असं त्यांचं म्हणणं. तरंगापुढे वाट मोकळी करायचा मान गावात होता, पण ज्या घराचा तो होता ते घर कधीच उठून मुंबईला गेलं होतं. तेव्हापासून वाट कोणी करत नव्हतं, त्यामुळे दर वर्षी चार माणसं चेंगरत.

"भायल्या मनशाक मान?" गावकर म्हणाले. "आनी देवीक पाठ करून चलतलो तो?"

"देवीकडेन तोंड करून रावतात ते मागपी," सासूबाई म्हणाल्या. "पाठ करून रावता तो राखपी."

गुरवाने पाकळ्या लावल्या. प्रश्न अर्धा विचारून झाला होता, तेवढ्यात उजवी पडली. गुरव हात पुसत म्हणाला, "ही माय सगळ्यांक कामाकूच लायता." नवऱ्याने बाहेर जाऊन त्याला निकाल सांगितला. त्याने पिशवी खाली ठेवली. "जाता," म्हणाला.

त्यानंतर पुष्कळ वर्षं तो तरंगापुढे चालला. लुंगी नेसून, उघड्या अंगाने, तळवे पुढे करून. गर्दी त्याच्यापुढे समुद्रासारखी दुभंगे आणि चेंगरायचं कोणी राहिलं नाही. सकाळपासून तो उपाशी राही, आणि त्याच्या बाबतीत याला खरंच उपास म्हणायला हवं. देवीचं नाचणं त्याने कधी पाहिलं नाही, ते त्याच्या पाठीमागे. पण ढोल कधी चढतात, कधी उतरतात, यावरून ती कुठे आहे हे त्याला बरोबर कळे. लोकही त्याच्याकडे बघत नसत, त्याच्या डोक्यावरून मागे बघत. मी एकदा म्हटलं, तुला कोणी बघतसुद्धा नाही रे. तो म्हणाला, "मग बरोबर चाललंय."

तर त्या चार तारखेला गाद्या झोडपून मी खाली आले आणि फोन वाजला. त्याची बहीण. एवढ्या वर्षांत तिचा पहिलाच फोन. तिने सांगितलं, तो या वर्षी येणार नाही, यापुढेही नाही. गुडघे गेले ते गेलेच, पण आता डोकंही साथ देत नाही. त्या खेळात डोक्याला डोकी आपटून आपटून असं पुष्कळांचं होतं म्हणे. स्वतःची गल्ली विसरतो. चुलीवर भांडं ठेवलेलं विसरतो. मग ती जरा अडखळली आणि म्हणाली, "एक विचारायचं होतं. छत्रीवाली कोणी बाई आहे का तुमच्याकडे? तिच्यापुढे चालायचं आहे, उशीर होईल, म्हणून रोज संध्याकाळी दारात जाऊन उभा राहतो."

मी सांगितलं, आहे. आमची देवी. त्याला म्हणावं उशीर झालेला नाही.

सासूबाई आता फारशा उठत नाहीत, पण कान शाबूत आहेत. "येवचो ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवशी दुपारची पेज मागितली नाही. मी संध्याकाळपर्यंत खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या.

आमच्याकडे मानकरी उत्सवाला येऊ शकत नसेल तर त्याच्या घरातल्या कोणीतरी देवीपुढे त्याच्या नावाचा नारळ ठेवायचा असतो. मग तो मान त्या वर्षी दुसऱ्याला जात नाही, वाट फक्त सांभाळली जाते. उत्सवापर्यंत थांबलं तरी चालतं, पण रिकामा मान दिसला की लोकांना आपापले पुतणे आठवू लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाद्या पुन्हा उन्हात टाकल्या आणि मी देवळात गेले. गुरव देवीला न्हाऊ घालत होता. त्याने नारळ हातात घेतला, गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं आणि थांबला. "वयनी, घराणें खंयचें सांगूं?"

"आमचं सांग," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. मी घंटा वाजवली, प्रसाद सासूबाईंसाठी पदरात बांधला, आणि पोदेर निघून जायच्या आत घरी आले.